माझा दुसरा ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे आणि सध्या फिटरमामांच्या गॅरेजमागच्या अंगणात विटांवर उभी आहे. पुढची दोन चाकं काढून घेतली आहेत. नाक पार चेपलंय. एक दिवा फुटला, दुसरा आहे, पण तो आभाळाकडे तोंड करून बसलाय. परवा मला तोडायला नेणार असं कानावर आलंय. त्याबद्दल माझी काही कुरकुर नाही. एकोणीस वर्षं म्हणजे गाडीच्या मानानं म्हातारपणच. पण एक गोष्ट पोटात ठेवून मी जाणार नाही. ती तुम्हालाच सांगायची आहे, कारण ती तुमच्याच वयाच्या दोघींची आहे.

मी साधीसुधी गाडी नव्हते बरं का. मी शिकवणीची गाडी होते. डोक्यावर पिवळी पाटी, मागच्या काचेवर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' असं मोठ्या अक्षरात. कारखान्यातून निघाले तेव्हा मी चारचौघींसारखीच होते. गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांनी मला घेतलं आणि थेट फिटरमामांकडे आणून उभं केलं. मामा तेव्हा तरुण होते, डोक्यावर भरपूर केस होते. त्यांनी चालकाच्या शेजारच्या सीटपुढे माझ्या तळाला भोक पाडलं, एक सळई आडवी घातली आणि मला दुसरा ब्रेक बसवला. मला दुखतंय का, हे विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. शिकणाऱ्याचा पाय चुकला तर शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायानं गाडी थांबावी, म्हणून ही सोय. आणि त्या ब्रेकला मामांनी एक छोटासा भोंगा जोडून दिला. मास्तरांनी ब्रेक दाबला की तो 'प्यँ' करून ओरडायचा.

"हा कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"शिकणाऱ्याला कळायला नको?" मामा म्हणाले. "गाडी त्यानं थांबवली, का तुम्ही?"

भोंगा जेमतेम पंधरा दिवस टिकला. त्या वेळी कपडे शिवणाऱ्या एक बाई शिकायला यायच्या. सुईत दोरा ओवताना कधी चुकायच्या नाहीत, पण गाडीत बसल्या की हातपाय गाळायच्या. एका सकाळी भोंगा सात वेळा वाजला. सातव्या वेळी त्यांनी सुकाणू सोडून दिलं आणि रस्त्याच्या मधोमध हमसून हमसून रडायला लागल्या. मास्तर मऊ मनाचे. त्या संध्याकाळी त्यांनी भोंग्याची तार काढली, तिच्या टोकाला काळी चिकटपट्टी गुंडाळली आणि आत ढकलून दिली. "माणसाचा धीर मोडला की शिकणं संपलं," असं ते माझ्याकडे बघून म्हणाले. मलाही ते पटलं. मी कशाला खोटं बोलू?

तेव्हापासून मास्तरांची ख्याती झाली. दुसऱ्या शिकवणीतले मास्तर धाडकन ब्रेक मारायचे आणि वर 'आंधळे आहात का!' म्हणून खेकसायचे. आमचे मास्तर पातळ तळाचे कापडी बूट घालायचे आणि झोपलेल्या बाळावर पांघरूण घालावं इतक्या हलक्या पायानं ब्रेक दाबायचे. शिकणाऱ्याला पत्ताच लागायचा नाही. त्याला वाटायचं, वा, काय झकास थांबवली आपण! मास्तर मान हलवायचे, "शाब्बास." लोक खूश, मास्तर खूश. एक निवृत्त हेडक्लार्क होते, ते प्रत्येक खांबाला 'सॉरी' म्हणत जायचे. तेसुद्धा महिन्याभरात शीळ घालत गाडी चालवायला लागले. 'या गाडीवर शिकलेला माणूस घाबरत नाही' असं लोक म्हणायचे तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. खरं काय ते फक्त मला माहीत होतं. कोणता पाय कुणाचा, हे गाडीला कळतं.

शिकवणीचे शेवटचे धडे पाण्याच्या टाकीच्या उतारावर व्हायचे. टाकी टेकडीवर आहे. तिथून रस्ता सरळ खाली सुटतो आणि तळाला लाकडाच्या वखारीच्या भिंतीपाशी एकदम वळतो. वळणाच्या बऱ्याच आधी विजेचा एक पिवळा डबा आहे. त्या डब्यापाशीच वेग मोडायला हवा. शिकणारे सगळे उशीर करायचे, अगदी सगळे. आणि डबा आला की मास्तरांचा पातळ बूट हळूच खाली जायचा. मग शिकणारा आपला पाय टेकवायचा आणि आम्ही लोण्यासारखं वळण घ्यायचो.

एकोणीस वर्षांत एकाच बाईंना संशय आला. त्या मेंदूच्या डॉक्टरीणबाई होत्या. पन्नाशीला आल्या होत्या आणि आता कुठे शिकत होत्या. चार वर्षं झाली त्याला. उतारावरून खाली आल्यावर त्यांनी मला कडेला उभं केलं आणि विचारलं, "मास्तर, मघाशी ब्रेक कुणी मारला?"

"तुम्हीच की."

"माझा पाय पोचलाच नव्हता अजून."

मास्तर ओशाळले. मागच्या सीटवर भिंगरी बसली होती. भिंगरी म्हणजे मास्तरांची मुलगी, माझ्यापेक्षा एका वर्षानं धाकटी. एका जागी कधी बसायची नाही म्हणून घरीदारी सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. शाळा सुटली की ती माझ्या मागच्या सीटवर बसून गृहपाठ करायची, निम्मा वहीत आणि निम्मा माझ्या सीटच्या कापडावर. तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि कानात गाणी घालून डोलत होती.

"हिच्या वयाची पोरं शिकायला आली की असं करू नका हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणसाच्या डोक्यातही दोन गोष्टी असतात. 'पळ पळ, मजा येईल' म्हणणारा भाग या वयात जोरात चालायला लागतो. आणि 'थांब, विचार कर' म्हणणारा भाग इथे असतो, कपाळामागे. तो तयार व्हायला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. विशी उलटते, पंचविशी येते."

"म्हणजे तोवर पोरं बिनडोक म्हणा की!" मास्तर हसले.

"छे हो. चांगली हुशार असतात. धोका कशात आहे विचारा, तुमच्या-माझ्यासारखं उत्तर देतील. एकटी असली की बऱ्याचदा नीट वागतातसुद्धा. पण चार दोस्त शेजारी बसले की तेच डोकं निराळं चालतं. पळ म्हणणारा पेटतो आणि थांब म्हणणारा अजून कच्चाच असतो."

"मग आम्ही करायचं काय?"

"शेजारी बसायचं. ब्रेक दाबायचा. पण दाबला की सांगायचं. नाहीतर त्यांना कसं कळणार, आपलं आपल्याला किती जमतंय ते?"

मास्तरांनी "हो हो" म्हटलं. पण सवय ती सवय. तारेवरची काळी पट्टी तशीच राहिली.

अठरा पूर्ण झाली आणि भिंगरी सुकाणूवर बसली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! हात हलका, नजर चौफेर, गिअर असा टाकायची की मला समजायचंही नाही. मास्तरांचा ऊर भरून यायचा. परक्या माणसाचा धीर मोडू नये म्हणून जे करायचे, ते पोटच्या पोरीसाठी त्यांनी दुप्पट केलं. त्या उतारावरून आम्ही चाळीस वेळा तरी उतरलो असू. चाळीसही वेळा पिवळ्या डब्यापाशी आधी मास्तरांचा पाय खाली गेला आणि मग भिंगरीचा. "बघा, जन्मजात आहे पोरगी," असं ते घरी सांगायचे. परवान्याची परीक्षा सपाट मैदानावर झाली. शेजारी परीक्षक होते. तिथे भिंगरी खरोखर एकटीच्या जोरावर पास झाली. फसवाफसवी काही नव्हती. पण मैदानाला उतार नव्हता.

आता आजीबाईबद्दल सांगते. आजीबाई ही भिंगरीची जिवाभावाची मैत्रीण, वय सतरा. कडक उन्हातही छत्री, पिशवीत जादा पेन्सिल, जादा रुमाल, रस्ता ओलांडताना तीनदा इकडे आणि तीनदा तिकडे बघणं. म्हणून वर्गानं तिचं नाव आजीबाई ठेवलं होतं. माझ्यात बसली की आधी पट्टा लावायची आणि मग दार नीट लागलंय का ते पुन्हा उघडून बघायची. माझी फार लाडकी होती ती.

परवाना मिळून अकरा दिवस झाले होते. रविवारची दुपार. दोघी मास्तरांच्या घरी बारावीच्या परीक्षेचा अभ्यास करत बसल्या होत्या. चार वाजता मास्तरांनी स्वतःच्या हातानं भिंगरीला किल्ली दिली. "आजीबाईला घरी सोडून ये. सरळ जा, सरळ ये." त्यांच्या तोंडावर काय कौतुक होतं! आज पहिल्यांदाच ते माझ्या शेजारच्या सीटवर नव्हते.

पहिली दहा मिनिटं भिंगरीनं मला एखाद्या पाहुणीसारखं चालवलं. प्रत्येक वळणाला इशारा, प्रत्येक चौकात थांबा. शेजारी आजीबाई मांडीवर छत्री घेऊन बसली होती. मग वाचनालयाच्या कोपऱ्यावर वर्गातले दोघे जुळे भाऊ भेटले. "ए, आम्हाला पण!" म्हणत ते मागे घुसले. गाणी लागली. माझ्या काचा थरथरायला लागल्या. मित्रांनो, रस्ता तोच होता, गाडी तीच, हातही तेच. पण सुकाणूवरचे तळवे एकदम गरम झाले. मला ते जाणवलं.

"टाकीवरून उतरव ना," एक जुळा म्हणाला. "पोटात कसं होतं बघू!"

"नको रे. बाबांनी सरळ जा म्हटलंय."

"बाबांची छकुली!" दुसरा ओरडला, आणि दोघे टाळ्या वाजवायला लागले.

भिंगरीनं ते हसण्यावारी नेलं. ती सरळच गेली असती, हे मी आजही छातीठोक सांगते. पण तेवढ्यात आजीबाई बोलली. "चल ना गं. एकदाच. मी कधीच काही करत नाही." आणि असं म्हणून ती खुदकन हसली. डोळे कसे चमकत होते तिचे! भिंगरीनं तिच्याकडे बघितलं आणि मला टेकडीकडे वळवलं.

माथ्यावर आल्यावर आजीबाईनं पट्टा सोडला. मागच्यांचा फोटो काढायला ती गुडघ्यांवर उलटी बसली. पाय सीटवर, पाठ काचेकडे. "सोड!" तिघं एकदम ओरडली, आणि भिंगरीनं मला सोडलं.

तिला ब्रेक आठवला नाही, असं नाही हं. पिवळा डबा आला आणि तिनं चाळीस वेळा केलं होतं तेच एकेचाळिसाव्या वेळी केलं. त्याच जागी, तितकाच पाय टेकवला. पण तो नेहमीच अर्धा ब्रेक होता. उरलेला अर्धा बाबांचा होता, आणि हे तिला ठाऊकच नव्हतं. वर आज वेग दुप्पट, चौघांचं वजन. मी थांबत नाही, हे तिला कळलं. "बाबा!" अशी ती किंचाळली आणि दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिली. माझी चाकं घासली, धूर निघाला, मी जीव तोडून प्रयत्न केला. माझा दुसरा ब्रेक तिथेच होता, आजीबाईच्या सीटपुढे, जमिनीपासून वीतभर वर. त्याच्यावर पाय ठेवायला कुणीच नव्हतं. मग वखारीची भिंत आली.

जुळ्यांना खरचटलं. भिंगरीचा हात मोडला. आजीबाईचं कपाळ माझ्या पुढच्या काचेवर आपटलं. तिची छत्री मात्र जशीच्या तशी राहिली. ती आजही माझ्या सीटखाली आहे. कुणाला काढायचा धीर झालेला नाही.

मला ओढत इथे आणलं. आठव्या दिवशी मास्तर आणि भिंगरी आले. भिंगरीचा हात गळ्यात होता. ती कोपऱ्यात उभी होती आणि कुणाकडे बघत नव्हती. सगळं खापर तिनं स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं होतं. मामा ब्रेक बिघडला होता का ते तपासत होते. ब्रेक शाबूत होता. मग त्यांचा हात आत गेला आणि ती काळी पट्टी बाहेर आली.

"मास्तर, ही तार कधी काढलीत?"

मास्तरांनी ती पट्टी बोटांत धरून पाहिली.

"कधी?"

"सुरुवातीलाच," मास्तर म्हणाले.

भिंगरीनं मान वर केली. "कसली तार?"

मामांनी तिला भोंग्याचं सांगितलं. त्यांना काय कल्पना, ते काय सांगतायत! ती ऐकत राहिली. मग वडिलांसमोर येऊन उभी राहिली. "बाबा, टाकीच्या उतारावर ब्रेक कोण मारायचं?"

मास्तरांनी माझ्या दाराचा आधार घेतला.

"एकदा तरी मी एकटीनं मारला होता का?"

मास्तर खाली बसले. माझ्या चेपलेल्या दाराला टेकून, जमिनीवर. "तुझा धीर मोडू नये म्हणून गं पोरी," एवढंच ते म्हणाले आणि ओंजळीत तोंड लपवून रडले. भिंगरी रडली नाही. मला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

आजीबाई वाचली. चालते, जेवते, बोलते. पण जी गेली ती परत आली नाही. डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना सगळं समजावून सांगितलं, आणि मास्तरांनी ते इथे माझ्यासमोर मामांना सांगितलं. मार कपाळामागे बसला आहे. थांब म्हणणारा जो भाग अजून पक्का व्हायचा होता, नेमका तिथे. आता आजीबाई मनात येईल ते बोलते. कुणाच्याही अंगावर ओरडते, नको तिथे हसते. रस्ता दिसला की न बघता धावत सुटते. तीनदा इकडे आणि तीनदा तिकडे बघणारी आमची आजीबाई! तिची आई तिचा हात घट्ट धरून चालते. थोडी सुधारेल, पण वेळ लागेल, किती सुधारेल सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मास्तरांनी शिकवणी बंद केली. माझ्या डोक्यावरची पिवळी पाटी त्यांनी स्वतः काढली.

भिंगरी रोज संध्याकाळी आजीबाईकडे जाते. आजीबाई तिला कधी मिठी मारते, कधी चापट मारते. गेले काही दिवस आजीबाईनं 'गाडी, गाडी' असा धोशा लावला होता. म्हणून काल सकाळी भिंगरी तिला इथे घेऊन आली. मास्तरही मागोमाग आले, पण फाटकापाशीच थांबले.

भिंगरीनं आजीबाईला तिच्या नेहमीच्या सीटवर बसवलं आणि आपण सुकाणूसमोर बसली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. दोघी समोरच्या फुटक्या काचेकडे बघत होत्या. आजीबाईचा पाय सहज खाली गेला आणि दुसऱ्या ब्रेकवर पडला.

प्यँ!

मामांनी कधीतरी ती तार पुन्हा जोडून ठेवली होती. का, ते मी विचारू शकत नाही. आजीबाई दचकली आणि मग खदखदून हसली. पुन्हा दाबला. प्यँ! पुन्हा. प्यँ! मामा हातातलं काम टाकून बाहेर आले आणि "पुरे गं बाळ" म्हणणार, तेवढ्यात भिंगरीनं त्यांना हातानं थांबवलं. "दाबू दे तिला," ती म्हणाली. "दाब, आजीबाई. अजून दाब." आणि सुकाणूवर डोकं टेकून ती रडायला लागली. इतक्या दिवसांचं सगळं तेव्हा बाहेर आलं. आजीबाई हसत होती, भोंगा वाजत होता. फाटकापाशी मास्तर उभे होते, आणि प्रत्येक आवाजाबरोबर त्यांचा उजवा पाय चपलेत नकळत खाली दाबला जात होता.

मित्रांनो, तुम्हाला अक्कल नाही असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा, मी त्याची खरडपट्टी काढीन. भिंगरीला अक्कल होती. आजीबाईला तर दोघींपुरती होती. पण तुमचा ब्रेक अजून तयार होतो आहे, आणि दोस्त मागे बसले की तो आणखीच उशिरा लागतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त तेवढं ध्यानात ठेवा. गाडीत दंगा सुरू झाला की ती आधी कडेला घ्या, कुणी छकुली म्हटलं तरी घ्या. आणि घरच्यांना विचारत चला, मघाशी मी थांबलो का तुम्ही मला थांबवलंत? ते सांगायला कचरतील. तुमचा धीर मोडेल म्हणून भितील. त्यांना सांगा, मोडू दे थोडा, पण भोंग्याची तार काढू नका.

काल माझा भोंगा चाळीसेक वेळा वाजला असेल. त्यातला एक जरी उतारावरच्या त्या धड्यांमध्ये वाजला असता, तर परवा सकाळी आजीबाई छत्री घेऊन परीक्षेला निघाली असती, आणि मी तिला सोडायला गेले असते.